‘स्लीव्हनंतर गोळ्या लागत नाहीत’ हे खरं नाही

स्लीव्ह म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया. ‘स्लीव्हमध्ये आतड्याला हात लावत नाहीत, म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या लागत नाहीत,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात, आणि बी१२ शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. गोळ्या आणि रक्ततपासणी आयुष्यभर. छातीत सतत जळजळ होत असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते. तिथे गॅस्ट्रिक बायपासचा (जठर लहान करून ते थेट पुढच्या आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा) विचार आधी करावा.

‘शस्त्रक्रियेनंतर वरणाच्या पाण्यावर महिना काढा’ हा सल्ला तर घातकच. त्यात प्रथिनं नावापुरती, गरज रोज निदान ६० ग्रॅमची. डॉक्टरांनी दिलेली प्रोटीन पावडर, पुढे दही, मऊ पनीर, अंडं. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सततच्या उलट्यांनी बी१ जीवनसत्त्व कमी पडून नसांना कायमची इजा होऊ शकते.