डेस्कटॉप.आयएनआय व्हायरस नाही, ती पुसत सुटू नका

परवा सकाळी आत्याचा फोन आला. "अरे, माझे सगळे फोल्डर पिवळे झाले. लाल कुठले, हिरवे कुठले, काही कळेना."

आत्या साताऱ्यात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचा एक फोल्डर. प्रूफ गेलं की तो निळा करायचा, पैसे यायचे असले की लाल, हिशेब मिटला की हिरवा. उधारीची वेगळी वही ती ठेवत नाही, हे रंगच तिची वही. ती वही तिने स्वतःच्या हाताने पुसली, कारण ग्रुपवर एक मेसेज आला: "विंडोजमधला छुपा व्हायरस, आजच काढा, सगळ्यांना पाठवा." त्यात पाच मुद्दे होते आणि खाली काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, टाइप करायची एक ओळ. आत्याने ती ओळ जशीच्या तशी टाइप केली.

पहिला मुद्दा म्हणे, डेस्कटॉप.आयएनआय नावाची फाइल व्हायरस आहे. पुरावा काय, तर डेस्कटॉपवर तिच्या दोन प्रती दिसतात, म्हणजे ती स्वतःची पिल्लं घालते!

त्या दोन फाइली दोन वेगळ्या फोल्डरांतल्या आहेत. आपल्याला दिसणारा डेस्कटॉप दोन फोल्डर मिळून बनतो: एक तुमच्या खात्याचा, दुसरा त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या खात्यांसाठी असलेला 'पब्लिक'. दोघांची एकेक डेस्कटॉप.आयएनआय. माझ्या मशीनवर एक २८२ बाइटची आहे, दुसरी १७४ बाइटची. प्रती असत्या तर आकार सारखे असते. एरवी त्या दिसत नाहीत. फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू' टॅबमध्ये सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूण असते, ती काढली की दिसतात. मेसेजने आधी ती खूण काढायला लावली आणि मग म्हटलं, बघा, व्हायरस दिसला.

नोटपॅडमध्ये उघडून बघा. तीन-चार ओळींची साधी मजकुराची फाइल आहे. फोल्डरला कुठला आयकॉन लावायचा, माउस नेल्यावर कुठली टीप दाखवायची, कुठलं नाव दाखवायचं, एवढंच तिच्यात असतं. ही माझी अटकळ नाही. फोल्डर डेस्कटॉप.आयएनआयने कसे सजवायचे यावर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा दस्तऐवज आहे, त्यात एकेक नोंद समजावली आहे. विंडोजची भाषा मराठी केली, तर डिस्कवर फोल्डरचं नाव 'डॉक्युमेंट्स'च राहतं आणि पडद्यावर मराठी दिसतं, तेही याच फाइलमुळे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या 'रीड-ओन्ली'बद्दलही त्याच दस्तऐवजात आहे. फोल्डरवर ती खूण कुलूप नसते. "आत डेस्कटॉप.आयएनआय आहे, वाचून घे" असा तो एक्सप्लोररला, म्हणजे फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामला, इशारा असतो. आत्याच्या काळजीवाहू ग्रुपने या रीड-ओन्लीलाही "व्हायरसने फोल्डर लॉक केला" म्हटलं होतं.

आत्याचे रंग म्हणजे रंगीत आयकॉन, आणि त्यांची नोंद या फाइलींतच होती. त्या ओळीने प्रत्येक फोल्डरमध्ये शिरून ती पुसली, आणि काळ्या खिडकीतून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. कोरलच्या, म्हणजे डिझाइनच्या, फाइली शाबूत आहेत, पण कुणाचे पैसे यायचे ते गेलं.

"पुसली तरी परत येते" हाही पुरावाच म्हणे. अहो, फोल्डरचा आयकॉन पुन्हा बदललात की विंडोज ती पुन्हा लिहिणारच. नाहीतर आयकॉन लक्षात कुठे ठेवणार?

एक मान्य करतो, मनाविरुद्ध. या फाइलमध्ये आयकॉनचा पत्ता परक्या सर्व्हरचा लिहून गैरवापर करता येतो. आणि पेनड्राइव्हचा 'शॉर्टकट व्हायरस' तर खराच आहे. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी फोल्डरच्याच चित्राचे शॉर्टकट ठेवतो. पण त्याची ओळख डेस्कटॉप.आयएनआयवरून पटत नाही. 'डिटेल्स' व्ह्यू लावा आणि 'टाइप'चा रकाना वाचा. फोल्डरच्या जागी शॉर्टकट लिहिलं असेल तर हात लावू नका.

तिसऱ्या मुद्द्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तो एक्स्टेन्शनबद्दल आहे, म्हणजे फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, तिचा प्रकार सांगणारी अक्षरं. "फाइलचं एक्स्टेन्शन लपवूनच ठेवा, हॅकरला फाइल ओळखता येत नाही." साफ उलटं आहे. लपवल्यावर ओळखता येत नाही ते तुम्हाला! मे २०००मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा किडा फिलिपिन्समधून जगभर पसरला. त्याच्या फाइलच्या नावात आधी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, होतं आणि शेवटी व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम. शेवटचं एक्स्टेन्शन लपलेलं, म्हणून लोकांना ते साधं पत्र वाटलं आणि त्यांनी उघडलं. आत्याकडे रोज अनोळखी गिऱ्हाइकांच्या फाइली येतात. 'पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' (ईएक्सई म्हणजे प्रोग्राम) तिच्या स्क्रीनवर 'पत्रिका.पीडीएफ' दिसली, तर ती उघडणारच, तिचा धंदाच तो आहे. लग्नपत्रिकेच्या नावाने मोबाइलवर एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, पाठवून लोकांना लुबाडतात, तीही याच जातीची युक्ती. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. विंडोज ती लपवूनच देतं, हे मला कधीच पटलेलं नाही.

उरलेले मुद्दे. थम्ब्स.डीबी तुमचे फोटो बाहेर पाठवत नाही, तो लहान चित्रांचा साठा आहे. जुन्या विंडोज एक्सपीत तो फोल्डराफोल्डरांत असे, तिच्यानंतरच्या व्हिस्टापासून तो वापरकर्त्याच्या खात्यात एका जागी गेला. मूळ फोटो पुसल्यावरही त्याचं छोटं चित्र त्या साठ्यात राहू शकतं, एवढं खरं. 'हिडन' केलेला फोल्डर सुरक्षित नसतो, 'हिडन आयटम्स'वर एक खूण केली की कुणालाही दिसतो. आणि 'गॉड मोड' फोल्डर म्हणजे कंट्रोल पॅनेलच्या कामांची एक लांबलचक यादी, तिने वेग वाढत नाही. फोटोंचा गठ्ठा असलेला डाउनलोड्स फोल्डर उघडायला रेंगाळत असेल, तर प्रॉपर्टीजच्या 'कस्टमाइझ' टॅबमध्ये जाऊन तो 'जनरल आयटम्स'साठी ठेवा, त्याने फरक पडू शकतो.

आत्यासारखं कुणी ती ओळ चालवली असेल तर त्याच 'कस्टमाइझ' टॅबमधून आयकॉन पुन्हा लावावे लागतील, एकेक करून. काल रात्री आम्ही बिलबुकं काढून बसलो आणि आधी लाल फोल्डर पुरे केले. दोन गिऱ्हाइकांची उधारी किती होती ते अजून तिला आठवत नाही.