खुलासा : दशावतार ‘अरीना’ रंगमंचावर होत नाही

नाट्यप्रशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या रंगमंचाच्या प्रकारांचा एक तक्ता फिरतो आहे. त्यात दोन चुका आहेत: दशावताराला, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याला, ‘अरीना’ म्हटलंय आणि रंगमंचाची डावी बाजू म्हणजे प्रेक्षकांची डावी, असं लिहिलंय.

अरीना म्हणजे रिंगण, प्रेक्षक चारही बाजूंना. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जत्रेत देवळाच्या मंडपात पाहा: नटांच्या मागे पडदा असतो, हार्मोनियम-पखवाजवाले कडेला, आणि माणसं समोर व दोन्ही अंगांना दाटीने बसलेली. मागची बाजू बंद, म्हणजे हा तीन बाजूंनी खुला, ‘थ्रस्ट’ प्रकाराला जवळचा मंच. प्रेक्षक फक्त समोर असतील तर तो कमानी मंच.

फरक नुसता नावाचा नाही. सिंहासन म्हणून साधं बाकडं ठेवलं की कडेच्यांनाही नट दिसतो. त्याच जागी उंच पाठीची खुर्ची तिरकी ठेवली, तर एका बाजूला फक्त लाकूड दिसतं. वर्गात खडूने 16 बाय 12 फुटांचा चौकोन आखा, मुलांना तीन बाजूंना बसवा आणि दोन्ही करून बघा.

डावी-उजवी नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची. ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ‘डावीकडून प्रवेश’ वाचून नट एका विंगेत (मंचाच्या कडेच्या आडोशात) थांबतो आणि प्रकाश दुसरीकडे पडतो.

तो तक्ता कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.