मार्टी माल्मी आणि खोडायला सांगितलेली ती ओळ

काल माझ्या मावशीने एक फिरता संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मग साठवलेले पैसे यात घालायला हरकत नाही ना?’ संदेश म्हणतो की बिटकॉइन या डिजिटल नाण्याचे तत्त्वज्ञान मुळात त्याचे निर्माते सातोशी नाकामोतो यांचे नसून सुरुवातीच्या समुदायाचे मॉडरेटर मार्टी माल्मी यांचे आहे, २ कोटी १० लाख नाण्यांची मर्यादा त्यांनीच सुचवली आणि ‘याकडे गुंतवणूक म्हणून पाहा’ हे निर्मात्याचेच सांगणे आहे.

मर्यादेचा दावा तारखांपुढेच टिकत नाही. सातोशी यांनी जानेवारी २००९ मध्ये सॉफ्टवेअर जाहीर करतानाच हा आकडा दिला होता. माल्मी यांनी त्यांना पहिला ईमेल पाठवला तो मे महिन्यात. बँकांवरचा अविश्वासही माल्मींनी आणलेला नाही, कारण ३ जानेवारीच्या पहिल्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीच्या पहिल्याच पानावर, बँकांना दुसऱ्यांदा सावरण्याच्या सरकारी हालचालींविषयीचा ‘द टाइम्स’चा मथळा नोंदवलेला आहे.

माल्मींचा प्रभाव होता, एवढे मात्र मान्य करावे लागते. आपल्याला लिहिण्यापेक्षा कोड बरा जमतो, असे सातोशी स्वतःच म्हणत. त्यामुळे नवख्यांच्या प्रश्नांची उत्तरे माल्मींनी लिहिली, लिनक्स या संगणक प्रणालीसाठी आवृत्ती तयार करण्यात हातभार लावला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ५,०५० नाणी ५.०२ डॉलरला विकून या नाण्याला पैशातली किंमत मिळवून देण्याच्या पहिल्या व्यवहारांपैकी एक केला.

खरा राग येतो तो गुंतवणुकीच्या मुद्द्याचा, कारण मावशीचा प्रश्न तिथूनच उपजला आहे. सातोशी नेमके कोण, यावरून लंडनमध्ये चाललेल्या खटल्याच्या निमित्ताने माल्मींनी सातोशींबरोबरचा पत्रव्यवहार फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला केला, आणि त्यात नेमके उलटे दिसते. लोकांसाठीच्या मजकुरात ‘याकडे गुंतवणूक म्हणून पाहा’ अशा अर्थाची ओळ आली होती. असे उघडपणे म्हणणे धोक्याचे आहे, तो मुद्दा काढून टाका, असे सातोशींनी २००९ मध्येच माल्मींना कळवले. लोक आपले आपण त्या निष्कर्षाला आले तर ठीक, पण आपण तसा प्रचार करायचा नाही, ही त्यांची भूमिका होती. ज्या वाक्याला निर्मात्याने स्वतः हरकत घेतली, तेच त्याच्या तोंडी घालून लोकांना पैसे ओतायला लावणे ही उघड फसवणूक आहे.

मावशीला मी तोच ईमेल मराठीत करून पाठवला आहे, आणि तो संदेश ज्या गटातून तिच्याकडे आला त्या गटातही टाकायला सांगितले आहे.