खुलासा: ‘पिल्लं वाढली, कासवं वाचली’ हा मेसेज चुकीचा आहे

कोकणातल्या वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवरच्या कासवांच्या पिल्लांच्या फोटोंसोबत एक मेसेज फिरतोय: ‘एका घरट्यात शंभरावर अंडी असतात, म्हणजे ऑलिव्ह रिडले (ही समुद्री कासवांची जात) आता सुरक्षित.’

तसं नाही. मोजायला सगळी कासवं सारखी नसतात. पिल्लू वयात यायला साधारण 10 ते 15 वर्षं लागतात आणि तोवर बहुतेक मरतात. मासेमारीच्या जाळ्यात गुदमरलेली एक मोठी मादी म्हणजे तिची पुढच्या कित्येक हंगामांची घरटी गेली. त्या नुकसानीची भरपाई शेकडो पिल्लांनीही होत नाही.

दुसरं, पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, तेही उबवणीच्या मधल्या टप्प्यात. साधारण 29–30 अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. कुणी मादी अंडी घालायला डिसेंबरात येते, कुणी मार्चात. कुणी सुरूच्या सावलीलगत खणते, कुणी उघड्यावर. हा फरकच जातीचा विमा. राखणीसाठी सगळ्या घरट्यांतली अंडी किनाऱ्यावरच्या एकाच तापत्या कुंपणात हलवली तर आकडा छान दिसेल, नर मात्र कमी पडतील. पिल्लं बघून हे कळत नाही, नर-मादी बाहेरून सारखेच दिसतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.