‘नाण्यावर जीएसटी लागतच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

धनत्रयोदशी जवळ आली की नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं असं: नाणं म्हणजे चलन आणि चलनावर कर नसतो, तेव्हा इतवारीच्या सराफ्यात घेतात ते ३ टक्के बेकायदा आहेत. ते सराफाच्याच खिशात जातात. छोट्या दुकानदाराला तर कर लागतच नाही. म्हणून पक्कं बिल मागू नका, पैसे वाचवा. परदेशात नाण्यांवर कुठेच कर नाही. नवे संग्राहक हे खरं मानून काउंटरवर भांडतात, काहीजण बिलाविनाच माल उचलतात. नुकसान त्यांचंच होतं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

चलनाचा मुद्दा आधी. जीएसटी कायद्यात ‘वस्तू’च्या व्याख्येतून पैसा वगळलेला आहे, इथवर मेसेज बरोबर. पण त्याच केंद्रीय कायद्याच्या कलम २(७५) मध्ये लिहिलं आहे की संग्रहमूल्यासाठी बाळगलेलं चलन पैशात धरायचं नाही. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत शंभराची नोट देऊन दहाची दहा नाणी घेतली, तर कर नाही. त्यातलंच एखादं कोरं नाणं संग्राहकाला दीडशे रुपयांना विकलं, की ती वस्तू झाली. आणि लक्ष्मीची छाप असलेलं सोन्याचं नाणं तर चलन कधी नव्हतंच. त्यावर दर्शनी मूल्य नसतं, ते सरकारने काढलेलं नसतं. तो नाण्याच्या आकाराचा चोख सोन्याचा तुकडा आहे आणि त्यावर ३ टक्के लागतात: दीड केंद्राचे, दीड राज्याचे.

हे पैसे सराफाच्या खिशात जातात का? हिशोब मांडून बघा. सराफाने ठोक व्यापाऱ्याकडून नाणं ९८,००० रुपयांना घेतलं, त्यावर २,९४० कर भरला. तुम्हाला १,००,००० ला विकलं, ३,००० कर घेतला. आधी भरलेले २,९४० वजा करून तो सरकारला ६० रुपये भरतो. त्याच्या हातात करातलं काहीच राहत नाही. पण तुमच्यापाशी साखळी संपते. तुम्हाला वजावट नाही. वर्षभराने तेच नाणं मोडायला नेलं तर सराफ धातूचा भाव बघतो, तुम्ही भरलेला कर नाही. म्हणजे लाखाच्या नाण्यावर पहिल्याच दिवशी ३,००० गेले, घडणावळ वेगळी. बँकेतून घेतलं असेल तर आणखी अडचण, कारण बँका विकलेलं नाणं परत घेत नाहीत. जीएसटीच्या आधी राज्याचा व्हॅट सव्वा टक्क्याच्या आत होता, त्यामुळे हे ३ टक्के संग्राहकाला टोचतात, आणि ते रास्त आहे.

मोड विकताना मात्र कुणी ‘जीएसटीचे ३ टक्के’ कापत असेल तर ऐकू नका. घरातलं सोनं सामान्य माणसाने सराफाला विकणं हा त्याचा व्यवसाय नव्हे, त्यावर कर नाही, हे सरकारने १३ जुलै २०१७ लाच स्पष्ट केलं आहे. जुनं देऊन नवं घेतलं तर कर नव्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, फरकावर नाही.

बिल न घेण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेलं सोनं विकलं की नफ्यावर साडेबारा टक्के प्राप्तिकर लागतो. नफा म्हणजे विक्री वजा खरेदी. खरेदीचा कागदच नसेल तर वजा काय करणार? तीन टक्के वाचवायला जाऊन हा धोका कशाला घ्यायचा? जुन्या नाण्यांत तर बिल म्हणजे नाणं कुठून आलं याचा पुरावा. विदर्भाच्या मातीत नाणी सापडतात; वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला होता. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा १८७८ चा कायदा आहे. उद्या कुणी विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे?

छोट्या दुकानदाराची सूट खरी आहे, वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत. पण तोळा लाखाच्या घरात धरला तरी ४० लाख म्हणजे वर्षभरात जेमतेम ४०० ग्रॅम सोनं. सराफ्यातला कोणताही चालता काउंटर त्याच्या पुढे असतो. तांब्याचे पैसे आणि सुट्टी नाणी विकणाऱ्याला ही सूट खरोखर उपयोगी पडते, पण त्याने एक पाकीट छिंदवाड्याला किंवा रायपूरला विकलं की राज्याबाहेरची विक्री झाली, आणि मग उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. नागपूरसारख्या सीमेजवळच्या शहरात छोट्या विक्रेत्याची खरी अडचण ही आहे. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. युरोपात गुंतवणुकीच्या सोन्याला सूट आहे, पण ब्रिटनमध्ये चांदीच्या नव्या नाण्यावर २० टक्के व्हॅट आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. बऱ्याच राज्यांत सूट आहे, तर वॉशिंग्टन राज्याने २०२६ पासून ती काढून घेतली.

आता जुन्या नाण्यांचं. भोसल्यांचा रुपया संग्रहाचं नाणं म्हणून विकला तर दर ५ टक्के. पण जीएसटी नियम ३२(५) प्रमाणे वापरलेल्या मालाच्या व्यापाऱ्याला पूर्ण किमतीऐवजी फरकावर कर भरता येतो. अटी दोन: खरेदीवर वजावट घेतलेली नसावी आणि मालाचं रूप बदललेलं नसावं. समजा विक्रेत्याने एका घरातून नाणं १,८०० ला घेतलं आणि २,५०० ला विकलं. पूर्ण किमतीवर कर १२५ रुपये, फरकावर फक्त ३५. नाणं वितळवलं तर ही सोय गेली. कर कसा लागेल हे अर्ज करणाऱ्याला आधीच सांगणाऱ्या कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०२१ मध्ये जुन्या दागिन्यांबाबत हाच अर्थ लावला, पण असा निर्णय अर्जदार आणि त्याच्या कर अधिकाऱ्यापुरताच बंधनकारक असतो. म्हणून भीतीपोटी पूर्ण किमतीवर कर लावणारा विक्रेता भेटला तर त्याला या नियमाबद्दल विचारा. आणि संग्राहकांना सरकारकडे काही मागायचंच असेल तर जुन्या नाण्यांना नियम ३२(५) लागू होतो असं जीएसटी परिषदेकडून लेखी मागावं.