वरचं की खालचं?

लिफ्टमध्ये आज नोटीस लागली आहे: ‘पार्किंगमध्ये टॉवर उभारण्यास सक्त मनाई. हुकुमावरून.’ टॉवर म्हणजे माझ्या जीपच्या बोनेटशेजारची ४९ सेंटिमीटरची स्टीलची काडी, हौशी लोकांच्या हॅम रेडिओचा अँटेना. सोसायटीतल्या कपडे वाळत घालायच्या काठ्या हिच्या चौपट उंच आहेत. त्यांना हुकूम नाही.

४९ च का? माझा सेट ज्यावर बोलतो त्या १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.०७ मीटर, तिचा पाव हिस्सा ५१.७ सेंटिमीटर, त्यातून पाचेक टक्के वजा. हे मी काकांना समजावून सांगायला गेलो, तिथेच चुकलं.

काका निवृत्त आहेत आणि सेक्रेटरी आहेत. दोन्ही पूर्णवेळ. मी रविवारी स्पॅनर काढला की ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली येतात.

“डिश का?”

“हॅम रेडिओ, काका. घाटात गाड्यांनी एकमेकांशी बोलायला.”

“मोबाईल आहे ना पण?”

“दरीत रेंज नसते.”

“मग दरीत कशाला जाता?”

याला उत्तर नाही. बायकोही हेच विचारते.

“आणि परवाना?”

“आहे. परीक्षा देऊन काढलाय. रिस्ट्रिक्टेड ग्रेड, व्हीयू-३ ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं माझं नाव. मोर्स येत असतं तर जनरल ग्रेड.”

“म्हणजे तुम्हाला रिस्ट्रिक्ट केलंय,” काकांनी समाधानाने नोंद घेतली.

मी चुंबकाच्या बुडाचा अँटेना टपावर ठेवला. तो घसरून काकांच्या चपलेवर पडला. टप फायबरचा. हे मला ठाऊक होतं, पण विकत घेताना आठवलं नव्हतं. काका शब्द न बोलता वर गेले आणि फ्रिजवरची महाबळेश्वरची चुंबकाची स्ट्रॉबेरी घेऊन आले. टपाला लावली, पडली. दाराला लावली, चिकटली. “अहो, तुमच्या गाडीला वरून लोखंडच नाही!” हे दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

दुखणं नुसतं चिकटण्याचं नव्हतं. पाव तरंगलांबीचा अँटेना म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा त्याच्या खालचा पत्रा. फायबरच्या किंवा ताडपत्रीच्या टपावर तो अर्धा मिळतच नाही. म्हणून बोनेटच्या कडेला चावून बसणारा ब्रॅकेट लावला, केबल रबरी ग्रोमेटमधून आत घेतली आणि मीटर जोडला.

“किती आलं?” काका.

“तीन.”

“वरचं की खालचं?”

“बीपी नाही हो, एसडब्ल्यूआर!”

“पण जास्त आहे ना? तुमच्या तोंडावर दिसतंय.”

जास्तच होतं. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप. तीन म्हणजे पाठवलेल्या शक्तीतली पाव परत येते आणि सेट तापतो. दीडच्या आत असलं की निवांत. कारण साधं निघालं: ब्रॅकेटचे स्क्रू रंगावरच टेकले होते. स्क्रूखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला, गंजू नये म्हणून वर ग्रीस लावलं. बोनेट बिजागरीवर असतं, बिजागरीचा भरवसा नाही, म्हणून बोनेट ते बॉडी तांब्याची चपटी विणलेली पट्टी टाकली. १.८. मग १४४ वर कमी आणि १४६ वर जास्त दिसलं, म्हणजे काडी लांब. तीन-तीन मिलिमीटर कापत गेलो. एकदम सेंटिमीटरभर कापू नये, काडी परत वाढत नाही. १.३.

“मीठ कमी केलंत?” काकांनी विचारलं.

मग सेट चालू केला, बटण दाबलं आणि डिस्प्ले विझला. ५० वॅटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, आणि मी तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावला होता. अॅक्सेसरीवाल्याचा सल्ला. तो हॉर्नपण तिथूनच देईल. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीपासून आणली, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज टाकला. फ्यूज सेटजवळ ठेवला तर मधली वायर घासून पत्र्याला लागेल तेव्हा तो काही वाचवत नाही, गाडी पेटते.

एवढं सगळं एका परवान्याच्या आणि एका कॉलसाइनच्या मर्यादेत राहून. आणि ट्रेलवर भेटतात कोण? ऑनलाइन दीड-दोन हजारांचा वॉकीटॉकी घेतलेले. परवाना नाही, फ्रिक्वेन्सी कारखान्यातून आली ती, आणि तोंडात ‘ओव्हर अँड आउट’. ‘ओव्हर’ म्हणजे आता तू बोल, ‘आउट’ म्हणजे मी बंद केलं. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे जेवायला बसा म्हणून ताट उचलणं. बरं, लोखंडी गाडीत बसून पाच वॅटचा हँडसेट कितीही ओरडून वापरा, अर्ध्या लहरी पत्र्यातच अडतात. अँटेना बाहेर हवा. कोणी ऐकत नाही. ऐकूच जात नाही म्हणा.

अखेर पार्किंगमधूनच पहिला कॉल दिला, इंजिन चालू ठेवून. पलीकडून उत्तर आलं, अगदी स्वच्छ: “आवाज छान आहे, पण मागे मिक्सर कोणी लावलाय?”

अॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. बॅटरी भरणारा अल्टरनेटर. निगेटिव्ह वायर मी डॅशबोर्डच्या एका स्क्रूला अडकवली होती. ती बॅटरीजवळच्या बॉडी अर्थवर न्यायला हवी, त्यानेही नाही गेला तर वायरवर गोंगाट अडवणारं फेराइटचं कडं आणि फिल्टर. म्हणजे अजून एक रविवार.

काकांनी खुर्ची न्यायची तशीच ठेवली आहे.