सीएसएमटी ते हुतात्मा चौक: खालून की वरून?

मंगेश आईला आणि पोरीला घेऊन मुंबईला चालला आहे. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने नागपूरला परत. एवढाच बेत. पण परवा गोकुळपेठेतल्या आमच्या कट्ट्यावर त्याने खिशातून कागद काढला आणि पाहायच्या जागा वाचायला लागला: सीएसएमटी, महापालिकेची इमारत, फ्लोरा फाउंटन, हुतात्मा स्मारक, हायकोर्ट, राजाबाई टॉवर, काळा घोडा, जहांगीर, वस्तुसंग्रहालय, एशियाटिक, गेटवे. अकरा झाल्या. आई चौऱ्याहत्तरची, पोरगी दहाची.

"अबे, एका दिवसात अकरा? काहून पळवून राहिला त्या माऊलीले?" बाळूभाऊंनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"पळा कायले लागते? मेट्रो आहे ना बा आता," नंदू म्हणाला. नंदू बांधकामातला माणूस. मेट्रोचा विषय निघाला की त्याच्या अंगात येतं. "गाडीतून उतरायचं, भुयारी रस्त्याने खालीच मेट्रोत जायचं. पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक. दहा रुपये तिकीट. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे. वर आलं की समोर फाउंटन. ऊन नाही, धूर नाही, आईच्या गुडघ्यांले त्रास नाही."

मी तिथेच त्याला अडवलं. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या दोन स्टेशनांच्या मधे जे आहे तेच तर पाहायचं आहे. सीएसएमटी ते फ्लोरा फाउंटन जेमतेम एक किलोमीटर आणि त्या किलोमीटरवर दादाभाई नौरोजी रस्ता आहे. जुना हॉर्नबी रोड. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, मग तिथे रुंद रस्ता आला. १८९६ साली सरकारने नियमच केला की या रस्त्यावर इमारत बांधायची तर तळमजल्यावर पायी चालणाऱ्यांसाठी कमानींची पडवी सोडायची. प्रत्येक मालकाने वरची इमारत आपापल्या हौसेने बांधली, कुठे गॉथिक, कुठे नवअभिजात, पण खाली कमानीला कमान लागून सावलीची सलग वाट तयार झाली. पावसाळ्यातसुद्धा बराचसा रस्ता छत्री न उघडता चालता येतो. सव्वाशे वर्षांपूर्वी चालणाऱ्या माणसाचा एवढा विचार कायद्याने केला होता. आणि आपण काय करणार, त्याच्याच पोटाखालून दोन मिनिटांत निघून जाणार?

"तुले चालता येते, तू चाल," नंदू म्हणाला. "आईले कायले चालवतं?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. गुडघे हा वाद घालायचा मुद्दाच नाही.

वर्षाने मधे तोंड घातलं. ती शाळेत इतिहास शिकवते. "नंदू, तुझी मेट्रो वाईट आहे असं कोणी म्हणून नाही राहिलं. ती जमिनीखालून नेली हेच बरं झालं. विचार कर, हायकोर्टाच्या समोरून खांब गेले असते तर?"

हे मात्र आम्हा सगळ्यांना पटलं. मुंबई मेट्रोची तिसरी मार्गिका साडेतेहतीस किलोमीटरची, सत्तावीस स्टेशनं आणि त्यातलं आरेचं एकच जमिनीवर. शेवटचा, कफ परेडपर्यंतचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. जुन्या शहराखालून बोगदा काढणं सोपं नव्हतंच. काळबादेवीच्या भागात पारशांच्या दोन आतशबेहरामांखालून, म्हणजे अग्निमंदिरांखालून, बोगदा जाणार म्हणून समाजातली माणसं २०१८ मध्ये हायकोर्टात गेली होती. पवित्र अग्नीच्या जागेखालून गाडी जाऊ नये एवढंच त्यांचं मागणं होतं. कोर्टाने शेवटी काम होऊ दिलं. मला त्या माणसांची धास्ती समजते. आपल्या दाराखाली कोणी खोदायला लागलं तर आपणही झोपणार नाही.

नंदू म्हणाला, "आणि आपली? आपली तर सगळी वरूनच आहे. नागपुरात जमिनीखाली एक स्टेशन नाही. झिरो माईलवरून सीताबर्डीकडे येताना किल्ल्याची टेकडी दिसते. मुंबईच्या मेट्रोत खिडकीतून काय दिसते? काळोख."

"म्हणूनच म्हणतो ना," मी म्हणालो, "खालून येणाऱ्याने वर आल्यावर दुप्पट पाहा लागते. आपल्याकडे गाडीच शहर दाखवत नेते. तिथे तुम्ही एकदम मधे उगवता. कोणत्या दाराने बाहेर पडलो तेच कळत नाही. आत असतानाच पाटी वाचून दार ठरवलं नाही तर भलत्याच बाजूला निघता आणि आईला घेऊन तो मोठा चौक ओलांडा लागतो." हे मंगेशने कागदाच्या मागे लिहून घेतलं.

मग त्याने सहज विचारलं, "फ्लोरा फाउंटन पाहण्यासारखं आहे ना पण?"

आहे. किल्ल्याला जे चर्चगेट होतं, सेंट थॉमस चर्चकडे जाणारं दार, त्याच ठिकाणी १८६४ साली ते कारंजं उभं राहिलं. वर रोमन लोकांची फुलांची देवता फ्लोरा. दार गेलं, पण चर्चगेट हे नाव पलीकडच्या रेल्वे स्टेशनात राहिलं. कारंज्याच्या शेजारीच हुतात्मा स्मारक आहे, हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर तिथे गोळीबार झाला. त्या दिवशी पंधरा माणसं गेली. पुढच्या आंदोलनात हा आकडा शंभरावर पोचला.

इथे बाळूभाऊ सरसावून बसले. ते मूळचे हिंगणघाटचे आणि वेगळ्या विदर्भाचे जुने कार्यकर्ते. "१९५५ मधी आपण मध्य प्रदेशात होतो. नागपूर राजधानी होतं. १९५६ ले मुंबई राज्याले जोडले गेलो न राजधानी गेली. आता हिवाळी अधिवेशनाचे चार दिवस सरकार येते न जाते. त्या चौकात आपलं काय आहे? सांग ना."

कट्टा शांत झाला. हा विषय आमच्यात निघाला की कोणीतरी उठून जातं, म्हणून सहसा काढतच नाही. पण मला उत्तर द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "भाऊ, वेगळा विदर्भ पाहिजे की नको, ते बाजूला ठेवा. त्या चौकात गिरणीकामगार होते, साधी माणसं होती. आपल्या झिरो माईलजवळ गोवारी समाजाच्या माणसांचं स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशनावर मोर्चा घेऊन आले होते, आदिवासी म्हणून मान्यता मागायला. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ जण गेले. बाया आणि लेकरं जास्त. मुंबईहून कोणी झिरो माईलला उतरलं आणि म्हणालं, इथे आमचं काय, तर तुम्हाला कसं वाटेल?"

बाळूभाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी होतो त्या दिवशी मॉरिस कॉलेजजवळ. चपलांचा ढीग पाहिला होता." एवढंच. चहावाल्याने न सांगता आणखी एक चहा त्यांच्यासमोर आणून ठेवला.

थोड्या वेळाने तेच पुन्हा बोलायला लागले आणि त्यांनी वादाला वेगळंच वळण दिलं. "मंगेश, पोरीले राजाबाई टॉवर दाखवशील तर सांगशील, हा कापसाचा पैसा आहे म्हणून. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी झाली, तिकडचा कापूस बंद झाला, न मुंबईतून जाणाऱ्या आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद त्यातलाच मोठा व्यापारी. त्याने पैसा दिला न आईचं नाव टॉवरले लावलं. १८७८ मधी पुरा झाला. कापसासाठीच तर जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवाल्यांनी १८६७ मधी नागपूरपर्यंत लाईन आणली. हिंगणघाटचा कापूस मुंबईच्या बाजारात नावाने ओळखत. तुम्ही मुंबई पाहाले जाता, मी म्हणतो आपल्या वावरातून काय गेलं ते पाहाले जा."

मला वाटतं, संध्याकाळभरात याहून मोलाचं कोणी काही बोललं नाही. ओव्हल मैदानात उभं राहिलं की एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोची गोल कोपऱ्यांची घरं दिसतात. २०१८ मध्ये युनेस्कोने हे दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरवलं. मी तिथे दोनदा उभा राहिलो आहे. दोन्ही वेळा वऱ्हाडातला एकही बैल, कापसातली सरकी काढणारा एकही जिनिंगचा कारखाना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वर्षा म्हणाली, "आणि आपल्या मेट्रोच्या कॉटन मार्केट स्टेशनवर आपण किती वेळा उतरलो? तिथून जवळच एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, ज्या दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, त्या दिवशी. म्हणून एम्प्रेस. मी मुलांना विचारलं तर सगळे म्हणाले, मॅडम, तिथे तर मॉल आहे." मग तिने झिरो माईलच्या दगडाचा विषय काढला. १९०७ चा खांब, त्यावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, शिवनी ७९ असे आकडे कोरलेले. आमच्यापैकी तो जवळ जाऊन वाचलेली ती एकटीच निघाली. मला हे खरंच लागलं. मी त्या रस्त्याने रोज ऑफिसला जातो.

"सीताबर्डीच्या किल्ल्यावर तरी कोण गेलं आहे?" तिने विचारलं. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. आता तिथे लष्कर आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे तीनच दिवस लोकांना आत सोडतात. बाळूभाऊ लहानपणी गेले होते. बाकी कोणीच नाही.

तोवर मंगेशने बाजूला जाऊन घरी फोन लावला होता. ज्यांच्या गुडघ्यांवरून एवढा वाद चालला होता, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

काकू म्हणाल्या, "मंगेश, इमारती मी पाहिल्या रे. तुझ्या बाबांबरोबर गेली होती तेव्हा दिवसभर त्या कमानीखालून हिंडलो होतो. आता जमिनीखालची गाडी दाखव मले. ते नाही पाहिलं मी कधी."

नंदू असा हसला की काय सांगू. मी हरलो आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. शंभर-दीडशे वर्षांच्या जुन्या शहराच्या पायाखालून गाडी जाते, हीसुद्धा पाहायचीच गोष्ट आहे. ते मला संध्याकाळभर सुचलं नव्हतं.

मग बेत पुन्हा मांडला. सकाळी काकूंना खालूनच न्यायचं, सीएसएमटी ते हुतात्मा चौक. वर येऊन कारंजं आणि स्मारक, तिथे घाई करायची नाही. टॅक्सी करून ओव्हलला जायचं, सावलीत बसायचं, टॉवरकडे पाहत पोरीला कापसाची गोष्ट सांगायची. जेवण, विश्रांती. गाडी संध्याकाळी सीएसएमटीहूनच आहे, तेव्हा परतताना ऊन उतरल्यावर कमानीखालून चालत यायचं. गुडघे दुखलेच तर टॅक्सीला हात करायचा. मी म्हणालो, त्या बाजूने चालत आलात की सीएसएमटी समोरून हळूहळू मोठी होत जाते. फ्रेडरिक स्टीव्हन्सने दहा वर्षं खपून, १८८८ पर्यंत पूर्ण केलेली ती इमारत फलाटावरून बाहेर पडताना कधी नीट दिसतच नाही. रात्री दिवे लागतात. जरा वेळ हातात ठेवूनच निघा.

मंगेशने कागदावरच्या अकरातल्या सहा जागा खोडल्या. गेटवे खोडताना तो थांबला, पोरगी रडेल म्हणाला, आणि परत लिहिला.

२६ जानेवारीला सगळ्यांनी सीताबर्डीच्या किल्ल्यावर जायचं नक्की केलं आहे. काकूही येणार आहेत. चढ किती आहे ते आधी कोणीतरी पाहून या, असा त्यांचा निरोप आहे. ते काम बाळूभाऊंकडे दिलं.